बसलिंगप्पांनी काढलेले पत्रे

चाकूरला गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण डिझेलची गाडी ओढेनाशी झाली की माणसं बसलिंगप्पांचं दार गाठत. माणूस कमी बोलणारा. चालू इंजिनावर वाकून ऐकत राहायचा आणि दोष सापडला की नुसती मान हलवायचा.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो दुष्काळ. आसपासच्या गावांना छोट्या टेम्पोंवर टाक्या बांधून पाणी जाई. उदगीर जिल्हा होणार, अशी चर्चा हॉटेलात रंगायची, पण वाट बघितली जायची ती टेम्पोची. भरल्या टाकीनं, धुळीतून, हळूहळू दिवसभर चालून या टेम्पोंची एक नळी सारखी चोंदे. जळालेला वायू थोडा परत इंजिनात घेणारी ती ईजीआरची नळी. तिच्यात काजळी साचली की गाडी चढावर दम टाकी आणि काळा धूर ओकी.

बसलिंगप्पांनी सोपा उपाय काढला. पत्र्याचा तुकडा मापात कापून नळीच्या तोंडाशी घट्ट बसवायचा, म्हणजे नळीच बंद. गाडी जोरात ओढू लागे, धूर जवळजवळ दिसेनासा होई आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी बिनघोर पास. त्यांचा धाकटा भाऊ चंद्रप्पा स्वतःचा टेम्पो चालवी. पहिला पत्रा त्याच्याच गाडीला बसला. मग त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि पाणी वाहणारी एकही गाडी पत्र्याविना राहिली नाही.

टाक्या भरायची विहीर बसलिंगप्पांच्या घरासमोरच होती. पहाटेपासून तिथं टेम्पोंची रांग लागे. बॅटऱ्या दुबळ्या, म्हणून कुणी इंजिन बंद करत नसे. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचा, गुरम्माचा, दमा वाढला. दोन पोळ्या लाटल्या की ती भिंतीला टेकून बसे. डॉक्टरांनी धुरापासून जपा म्हणून सांगितलं. बसलिंगप्पा म्हणाले, घरात गॅस आहे, चूल नाही, आणि समोरच्या गाड्यांचा धूर तर मीच बंद केलाय.

हीच गोष्ट त्यांनी पंचशीलाला सांगितली. पंचशीला नांदेड रस्त्यावर पीयूसीचं केंद्र चालवायची. आयटीआय शिकलेली, त्यांना अप्पा म्हणायची. ती एका गाडीच्या धूर सोडणाऱ्या नळीत तपासणीची सळई घालत होती, ती थांबली.

"अप्पा, माझी मशीन धुराचा काळेपणा बघती. जो वायू दिसत न्हाई, तो डिझेलच्या गाडीत मी मोजतच न्हाई."

"म्हंजे?"

"ती ईजीआरची नळी तोच वायू कमी करायला लावलेली असती. तुमी ती बंद केली की काजळी कमी होती अन् तो वायू वाढतो. छातीला तो लई वाईट. गाडी पास होती, कारण मी त्याला बघतच न्हाई."

बसलिंगप्पा घरी आले आणि ओसरीवर बसून रांगेकडे बघत राहिले. धूर कुठंच नव्हता. हवा नितळ होती. आत गुरम्मा खोकत होती.

दुसऱ्या दिवसापासून ते पत्रे काढू लागले. नळी सोडवायची, काजळी खरवडून धुवायची आणि पुन्हा जोडायची. फुकट. काही मालक तयार झाले, बरेच झाले नाहीत. चंद्रप्पा तर चिडलाच. वहिनीचा दमा जुना आहे, तो याच्यामुळं वाढला असं डॉक्टर तरी म्हणाला का, असं त्यानं विचारलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. बसलिंगप्पांनी तेही कबूल केलं, आणि तरी बॉनेट उघडलं. थोरल्या भावापुढं चंद्रप्पाचं काही चाललं नाही.

काही दिवसांनी भर उन्हात चंद्रप्पाचा फोन आला. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, चढावर, गाडी भरल्या टाकीनिशी उभी राहिली होती. बसलिंगप्पा मोटारसायकलवर पोचले. नळी पुन्हा काजळीनं भरली होती. त्यांनी रस्त्याकडेला बसून, बोटं भाजत, ती साफ केली. चंद्रप्पा पत्रा घेऊन उभाच होता. त्यांनी तो घेतला नाही.

मग तेही टेम्पोच्या मागोमाग गेले. पाणी गावात पोचलं तेव्हा ऊन कललं होतं. घागरी सकाळपासून रांगेत होत्या. केवळाबाई नावाच्या म्हातारीनं उशीर का झाला म्हणून विचारलं. चंद्रप्पानं भावाकडं बोट केलं आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुजी बायकू तिकडं दमती, लेकरा, अन् आमी हितं तहानंनं. आमी काय म्हनावं?"

बसलिंगप्पांनी तिची घागर भरून डोक्यावर चढवून दिली.

परत येताना त्यांनी भावाला एवढंच सांगितलं, की दर चार दिवसांनी गाडी आणून लाव, मी नळी धुऊन देतो, पुन्हा बंद पडू देणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. ज्या गाड्यांचे पत्रे काढले होते, त्या सगळ्यांसाठी पाळला. दुपारची झोप गेली, हातांची कातडी रॉकेलनं सोलली, पण त्यातली एकही गाडी पुन्हा वाटेत थांबली नाही.

पाऊस चांगला झाला. दिवाळीपर्यंत विहिरीवरची रांग संपली आणि गुरम्माचा श्वास थोडा मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, धूळ कमी झाली. चंद्रप्पा म्हणाला, टेम्पोच गेले. बसलिंगप्पांनी दोघांचंही ऐकून घेतलं. गुरम्मा मात्र पूर्वीसारखी कधीच झाली नाही. बाजारात जायची तर वाटेत दोनदा बसायची.

बसलिंगप्पा आजही पत्रा बसवत नाहीत. गिऱ्हाईक हसतं आणि पलीकडच्या गॅरेजात जातं. तिथं लगेच बसवून मिळतो. मग ती गाडी पंचशीलाकडं येते आणि पास होते.