काळ्या माशाचा खरा रंग

थायलंडमधल्या नाखोन पथोमच्या कालव्याकाठी झुंजीच्या माशांची पैदास करणारी घरं पुष्कळ. पण त्या माशांचे फोटो काढावेत ते उरैनंच, असं तिथं सगळे म्हणत. उरै पन्नाशीला आलेली, ठेंगणी, बोलायला फटकळ. वीस वर्षं तिनं शहरातल्या स्टुडिओत लग्नांचे आणि पदवीदानाचे फोटो काढले. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला आणि ती कॅमेरा घेऊन आईच्या घरी परतली. माशांचे फोटो काढणार म्हणाली तेव्हा शेजारी हसले होते. नवरीला हनुवटी वर कर म्हणता येतं, माशाला काय सांगणार?

माशाला काही सांगता येत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. काचेवर बुडबुडा राहिला की माशाच्या अंगावर फोड आल्यासारखा दिसे. मासा जरा मागे सरला की डोळा धूसर. आणि माशाच्या आधी काचेत तिचंच तोंड उमटे. मग तिनं एक अरुंद टाकी करून घेतली, मासा जेमतेम वळेल एवढीच. पाणी दोन दिवस ठेवून, कापडातून गाळून घ्यायची. काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून फक्त भिंग बाहेर काढायची. समोर क्षणभर आरसा धरला की मासा आपल्याच रूपाला वैरी समजून कल्ले फुगवी, पर पसरी. तेवढ्यात काम उरकायचं. दहा मिनिटांच्या वर कुठल्याही माशाला ती त्या टाकीत ठेवत नसे.

आणि एक हट्ट होता. फोटो काढल्यावर संगणकावर रंगाला हात लावायचा नाही. निळा मासा आणखी निळा करून द्या म्हणणाऱ्याला ती सरळ दरवाजा दाखवी. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडे गेली.

लुंग बुनलर्ट मात्र गेला नाही. वयानं सगळ्यांचा काका, म्हणून गावभर तो लुंगच. सात वर्षं खपून त्यानं एक काळा मासा तयार केला होता. तो म्हणे, याच्या प्रत्येक खवल्याला सोनेरी काठ आहे. बाकीच्यांना नुसता कोळसा दिसे. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नव्हतं.

"कधी दिसतो काठ?" उरैनं विचारलं.

"सकाळी. ऊन तिरकं येतं ना, तेव्हा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती त्याच्या अंगणात जाऊन बसली. ऊन केळीच्या पानाखालून माशाच्या बरणीवर आलं आणि ती पुढे वाकली. काठ होता. केसाएवढा बारीक, पण खवल्याखवल्याला. आजवर सगळ्यांनी दिवा वरून लावला होता. मासा घरी आणून तिनं दिवा खाली, बाजूला नेला, उन्हाच्या त्याच कलानं. तीन दिवस खटपट केली. चौथ्या दिवशी फोटो मिळाला.

तो तिनं बँकॉकच्या प्रदर्शनात स्पर्धेला पाठवला. मासाही लुंगनं प्रदर्शनात ठेवला होता. परीक्षकांनी एकदा फोटो पाहिला, एकदा बरणीतला मासा, आणि फोटो बाजूला काढला. मुख्य परीक्षक विरत यांना सगळे मानानं पी, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. त्यांनी तिला बोलावून सौम्यपणे सांगितलं, की रंग चढवलेले फोटो आम्ही घेत नाही.

उरैची कानशिलं तापली. पण तिनं आवाज चढवला नाही. "पी, मला एक टेबल द्या. सगळ्यांसमोर काढते."

टेबल मिळालं. कॅमेरा भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. भोवती माणसं जमली. तिनं टाकी पुसली, पाणी भरलं, दिवा बाजूला लावला. पण मासा प्रवासानं शिणलेला. पर मिटून कोपऱ्यात जाऊन बसला. आरसा दाखवला, ढिम्म हलला नाही. कुणीतरी मागून म्हणालं, आता हा उद्यापर्यंत असाच. उरैनं आरसा ठेवून दिला. दमलेल्या जिवाला पुन्हा पुन्हा चिडवायचं नाही, हे तिचं ठरलेलं. तिनं मासा बरणीत सोडला, झाकला आणि हात बांधून बसून राहिली. माणसं पांगू लागली.

अर्ध्या तासानं तिनं त्याला परत टाकीत घातलं. काय चाललंय ते दिसेना म्हणून लुंग पुढे झाला आणि सवयीनं काचेला नाक टेकवून पाहू लागला. रोज सकाळी तो असाच पाही. मासा ताडकन वळला. धन्याच्या तोंडासमोर त्यानं कल्ले फुगवले, शेपटीचा पंखा उघडला.

"लुंग, हलू नको," उरै कापडाआडून पुटपुटली.

पडद्यावर काळा मासा उमटला, आणि त्याच्या अंगभर सोनेरी काठ.

मग पी विरत स्वतः टेबलाशी आले, वाकून दिव्याच्या रेषेत डोळा नेला आणि खराखुरा मासा पाहिला. बराच वेळ पाहिला. सरळ झाल्यावर त्यांनी सर्वांसमोर उरैला हात जोडले. "चूक आमची, पी उरै. आम्ही नीट पाहिलंच नाही."

त्यांच्याहून ती दहा वर्षांनी लहान होती. तरी तिला ते पी म्हणाले, मोठी बहीण. तिनंही हात जोडले, पण मान नेहमीपेक्षा जरा ताठच राहिली.

फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका लाल माशाच्या फोटोला गेलं, आणि तो फोटो खरोखर सुरेख होता, असं उरैच पुढे सांगत असे. काळ्या माशाला मात्र त्याच्या गटात पहिला मान मिळाला. फोटोखालच्या पाटीवर फक्त तिचं नाव होतं. तिनं पेन मागून घेतलं आणि आपल्या नावाच्या वर ठळक अक्षरात लिहिलं : मासा, बुनलर्ट यांचा.

लुंगला ते वाचता येईना. तिनं त्याचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं.