पानी आणि पाणी

आमच्या नायगावच्या शाळेत मुलांच्या वाचनासाठी तीन थर करायचं ठरलं, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालून बसले होते. ही शाळा आहे की दहीहंडी, असंही बोलून गेले. पण कल्पना चांगली होती. रोजचं शिकवणं सगळ्या वर्गाला. जे अडखळतील त्यांना चौघापाचांच्या गटात पुन्हा. आणि तरीही जमेना, तर त्या एकट्या मुलाला घेऊन एका बाईंनी शेजारच्या खोलीत बसायचं.

माझ्या तिसरीच्या वर्गातली, मिठागराकडच्या गावातून येणारी एक मुलगी पहिल्याच चाचणीत थेट शेजारच्या खोलीत गेली. चाचणी घेणाऱ्या बाई साताऱ्याकडून नव्यानेच आलेल्या. रोज गोष्टीच्या तासाला त्या तिला नेत आणि मन लावून अक्षरं गिरवून घेत. जिची बडबड थांबवता थांबवता माझा घसा बसायचा, ती मुलगी हळूहळू वर्गात तोंडच उघडेनाशी झाली. वाच म्हटलं की ओठ घट्ट मिटायची. मला ते बघवेना.

एका मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, मी चुका काढणार नाही, नुसतं वाच. आधी कुजबुजत, मग भराभर तिने धडा संपवला. गोष्ट विचारली, तर पुस्तकात नव्हतं तेही सांगितलं. अडत होतं एकच, पण जागोजागी: पानी, लोनी, अंगन. तिच्या गावात ‘ण’ कुणी म्हणतच नाही. माझं डोकं सणकलं. तशीच उठून मुख्याध्यापिकांकडे गेले आणि नव्या बाईंनाही तिथेच बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. हिला अक्षरच ओळखता येत नाही असं वाटलं, म्हणाल्या.

मुलगी वर्गात परत आली. शेजारची खोली ज्याची अक्षरं खरोखरच उलटसुलट होत होती, त्या मुलाला मिळाली. ‘ण’ मात्र आम्ही सगळ्या वर्गालाच म्हणायला लावला, आणि सोबत ‘ळ’ही, नव्या टॉवरमधल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांची तिथे बोंब होतीच.

“बाई, मग घरी पन पाणीच बोलायचं काय?” तिने मला विचारलं.

“घरी पानीच बोल,” मी म्हटलं. “आजीला परकं वाटायला नको.”

पुढे एकदा गोष्टीच्या तासाला तिने आपणहून हात वर केला. एका म्हातारीची गोष्ट होती. प्रत्येक ‘ण’वर जरा जास्तच जोर देत ती वाचत गेली. मग गोष्टीतली म्हातारी बोलायला लागली आणि हिने वाचलं, “पोरी, जरा पानी आन गं.”

पुढच्या बाकावरून लगेच तक्रार आली की पुस्तकात पाणी आहे, ही चुकली.

“आजी पानीच बोलते,” ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

त्या दिवसापासून तिला गप्प बसवायचं काम पुन्हा माझ्या मागे लागलंय. घसा बसतो, पण मी खूश आहे.