सरबताचा वास

रविवारी दुपारी लेकीने ओट्यावर दोन ग्लास मांडले. कोकमाचं सरबत, त्यात व्होडका आणि वरून सोडा. बुडबुडे फसफसत काठापर्यंत चढले.

"आई, घेऊन तर बघ. दारू आहे असं वाटतच नाही."

माझ्या बाबांच्या दारूला वास होता. तो दारातून आत आला की आम्ही भावंडं दप्तरं उचलून मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे पळायचो. त्या वासाने आम्हाला कितीदा वाचवलं! या गुलाबी ग्लासाला मात्र नुसता सरबताचा वास. मग पळायचं तरी कधी, हे कळणार कसं?

एकच घोट, असं ठरवून ग्लास तोंडाला लावला. गार, गोड, जिभेला गुदगुल्या करणारा.

"आणखी करू?" लेकीने विचारलं. पाहिलं, तर माझाच हात रिकामा ग्लास पुढे करत होता.