साळूबाईच्या भाऱ्यातली कुसळी

त्या दिशी घरी सासूबाई हुत्या, आन् गवताला गेलो आमी दोघी, मी आन् माझी थोरली जाऊ साळूबाई.

काल नात टेकडीवरनं आली. तिच्या सलवारीची कुसळं काढताना बोटाला टोचलं, आन् समदं आठवलं.

तवा इंग्रजाचं राज हुतं. साळूबाई वढ्याकाठचं मारवेल गवत कापायची, मऊ, गोड वासाचं. माझा भारा मुरमाडावरल्या कुसळीचा, टोचऱ्या गवताचा. सासूबाई म्हनायच्या, "साळूच्या हाताला गुन हाय. हिच्या हाताला नुसती कुसळं." माझा जीव जळायचा.

त्या दिशी मलाबी वढ्याला धाडलं, शिकायला म्हनून. साळूबाई लांबच्या हिरीवर पानी प्यायला गेली, तवा मी जवळच्या मुरमाडावरनं पिकल्या कुसळीची पेंढी कापून आनली आन् तिच्या भाऱ्यात दडवली.

ती खाल्ली नुकत्याच व्यालेल्या गाईनं. जिभेत कुसळं रुतली, तोंडातनं रगत आलं, चारा सुटला. सासूबाई साळूबाईवर धावल्या, "डोळं फुटलं का गं तुजं?" साळूबाई गप.

सांजंला ती माझ्याजवळ बसली. माझ्या पदराची कुसळं एकेक काढीत म्हनली, "वढ्याकाठी कुसळी उगवत न्हाई, धाकले."

बस, येवढंच. कुनाला सांगितलं न्हाई तिनं. म्होरं सासूबाईंनी तिला मुरमाडावर धाडलं, आन् वढ्याचं मारवेल माझ्या वाट्याला आलं. पन तवापासून मला तिच्या गप बसन्याचा हेवा वाटतो. मला न्हाई जमलं तसं कदी.

साळूबाईच्या लेकीबाळींपैकी कुनी हे वाचलं, तर घरात सांगा, ती कुसळी मी घातली हुती.