तीननं भागायचं की चारनं?

कोचिंग क्लासच्या स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, कुणी झाडतही नाही. आमच्या लातूरच्या क्लासातले बरेचसे सोनकांबळे सरांचे. ते मॅथ्स शिकवतात, मी फिजिक्स.

*

व्हेक्टरचा पहिला तास. ओरिजिन, म्हणजे जिथून मोजायचं ती जागा, कुठं घ्यायची यावर रेणापूरची एक मुलगी अडून बसली. "कुठंही घे," सर म्हणाले. तिनं वहीबाहेर, पार बाकाच्या टोकाला घेतली! तिथून त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांपर्यंतचे व्हेक्टर, म्हणजे बाण, यांची बेरीज केली, तीननं भागलं.

"सर, मध्य तर बाकीच्यांचा आला तिथंच येऊन राहिला!"

"मग? ओरिजिन आपल्या सोयीचा. मध्य कुणाच्या सोयीनं हलत न्हाई!"

*

माझ्या तासाला पोरांनी पुठ्ठ्याचा वेडावाकडा चौकोन कापला, चार कोपऱ्यांचा मध्य काढला आणि तिथं पेन्सिलीवर तोलला. धपकन पडला! त्रिकोण मात्र छान तोलला होता. पोरं सरांकडं भांडायला गेली.

सर म्हणाले, "चौकोनात कोपऱ्यांचा मध्य वेगळा, वजनाचा वेगळा. तुम्ही काय शोधून राहिलात, ते आधी ठरवा."

मला हे फार आवडलं. घरीही दोन-तीनदा वापरून झालंय.

*

दरवर्षीची चूक एकच. चौकोनाचा एक कोपरा ओरिजिनवर असला की त्याचा व्हेक्टर शून्य. मग पोरं उरलेले तीन मिळवतात आणि तीननंच भागतात. इथं मात्र सरांचा पारा चढतो.

"शून्य हाय म्हणून तो कोपराच न्हाई का? चारनं भागा!"

*

सरांच्या आई हिमायतनगरला एकट्या राहतात. गुडघे गेलेत. सर लातूरला, बहीण उदगीरला, भाऊ नांदेडला. तिघांच्या मधोमध खोली घेऊन आईला तिथं ठेवायचं ठरलं, म्हणजे कुणालाही पटकन पोचता येईल.

आई लातूरला आल्या होत्या, त्या दिवशी आमच्याबरोबर क्लासातच बसल्या होत्या. सरांनी स्टाफरूमच्या फळ्यावरच हिशेब मांडला. हिमायतनगर ओरिजिन, तिघांचे तीन बाण, बेरीज, भागिले तीन. मध्य अहमदपूरजवळ आला. सर खूश!

आई बराच वेळ फळ्याकडं बघत होत्या.

"हे बाण कुठून निघालेत रे?"

"तुझ्या घरून, आई."

"मग ह्या मधात माझं घर धरलं का न्हाई? मला बी जावं-यावं लागंल की तिथं. शेजारपाजार हाय, तुझ्या बाबाच्या हातची झाडं हायत."

मला दोघांचंही वाईट वाटलं.

सरांनी डस्टर घेतलं. बाण तसेच ठेवले, बेरीज तशीच ठेवली. फक्त खालचा तीन पुसून तिथं चार लिहिला.