बिस्किटाच्या पुड्याची बाजू घेतली तेव्हा

आमच्या आबांच्या उजव्या पायाचा काळा पडलेला अंगठा नांदेडच्या दवाखान्यात कापला, आणि उरलेला पाय मी वाद घालून वाचवणार होतो.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. (घरात त्या विषयाचं नाव कुणाला धड घेता येत नाही, पण धाक सगळ्यांना आहे.) डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "शुगर उतरली नाही तर घोट्यापासून पाय जाईल. पाकिटातलं सगळं बंद!"

"पुरावा?" मी विचारलं. "पाकिटं खाणारे आजारी पडतात, हे नुसतं नातं झालं, कारण नव्हे. ते झोपतही कमी असतील, चालतही कमी असतील! दोष पाकिटाचाच कशावरून?"

"खरंय सर, बरेचसे अभ्यास नातंच दाखवतात. पण जिथं बघावं तिथं तेच दिसायलंय. आणि पुरावा पक्का होईपर्यंत ह्यांचा पाय थांबायचा नाही."

आबांनी हात जोडून पथ्य कबूल केलं. पण दुपारपासून आमच्या उमरी गावचे पाव्हणे सुरू झाले, आणि आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला बिस्किटाच्या पुड्याशिवाय कुणी येत नाही. "बीमार माणसाकडं खाली हातानं कसं यावं, भाई?" म्हणत शेजारचे रफीकचाचा तर क्रीमवाले घेऊन आले!

परत द्यावेत म्हटलं, तर आई गरजली, "आलेला पुडा माघारी धाडत्यात का कुठं!"

मग आबांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून मीच ते संपवायला घेतले. पुत्रधर्म! चहात बुडवून खाल्ले, कोरडे खाल्ले, जिवावर येऊन खाल्ले. (क्रीमवाले तेवढे आनंदानं.)

आठवडा झाला तरी शुगर जागची हलेना. मी मॅडमना गाठलंच. "बघा! पाकिटं बंद, तरी शुगर तिथंच. आता बोला!"

तेवढ्यात सिस्टरनं आबांची उशी झटकली. अभ्र्यातून पुड्यांचे रिकामे कागद पडले. पडतच राहिले.

"आबा!"

"तू कुरुमकुरुम खायलास की लई आवाज होतोय," आबा खाली बघत म्हणाले. "त्या आवाजात मी भी उरकून घ्यायलोतो."

कुणी हसलं नाही. काळेपणा पायावर चढत चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना ऑपरेशनला आत नेलं. घोट्यापासून.

बाहेर बसलोच होतो, तर सिस्टरनं माझ्याही बोटाला सुई टोचली. माझी शुगर आबांच्या वर!

"आता, सर?" मॅडमनी विचारलं.

"दोन माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही, मॅडम," मी ताठ मानेनं म्हणालो. आणि त्यांची पाठ वळताच मोजे काढून पायाची बोटं एकेक चाचपून बघितली.