आत्याची चाय

आलं ठेचल्याचा वास आला की फ्रीगंजमधलं आमचं घर आठवतं. छप्पन साली मध्य भारत राज्याचा मध्य प्रदेश झाला, त्या हिवाळ्यात वडिलांनी कचेरीत आलेल्या एका रशियन बाईंना घरी आणलं. विधवा आत्या पाहुण्यांपुढे येत नसे, पण आईचे हात पोह्यांत अडकलेले, म्हणून कप तीच घेऊन आली आणि परक्यांशी बोलतो तशी हिंदीत म्हणाली, “चाय?” बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्याकडेही हाच शब्द होता. “चाय, चाय,” म्हणत त्यांनी तिला शेजारी बसवलं. निघताना आईनं त्यांना कुंकू लावलं, तर त्यांनी करंड्यात बोट बुडवून ते आत्याच्याही कपाळी टेकवलं. आत्यानं पुसायला पदर उचलला. आई हळूच म्हणाली, “राहू द्या, वन्सं.” घरात आजही आम्ही सगळे चहाच म्हणतो. आत्या मात्र त्या दिवसापासून शेवटपर्यंत चाय म्हणायची.